डरहॅमच्या किनाऱ्यावरचे रंग खरे आहेत

इंग्लंडच्या ईशान्येकडच्या डरहॅम किनाऱ्याचे फोटो कुणी टाकले की खाली हमखास शेरा येतो, ‘रंग वाढवलेत!’ काळी वाळू, पिवळे पट्टे, तांबूस डबकी. शंका येणारच. पण हे रंग अस्सल आहेत आणि ते ज्या रीतीने तयार होतात ती मला भारी आवडते.

ईझिंग्टन, हॉर्डन, डॉडन इथल्या कोळसाखाणी टाकाऊ दगड थेट किनाऱ्यावर ओतत. १९९३ मध्ये ईझिंग्टनची खाण बंद पडली आणि ते थांबलं. १९९७ नंतरच्या सफाईत दहा लाख टनांहून जास्त माल उचलला, बाकीचा लाटांवर सोपवला.

त्या दगडांत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधकाचं संयुग. जमिनीखाली ऑक्सिजनअभावी ते कोट्यवधी वर्षं टिकतं. हवापाणी लागलं की गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि लोह फेरस रूपात (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) पाण्यात उतरतं. या फेरसचं फेरिक (तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) झालं की ते स्वतःच उरलेल्या पायराइटवर तुटून पडतं. १४ फेरिक आयन (विद्युतभारित अणू) खर्ची पडतात, १५ फेरस मिळतात. ते पुन्हा फेरिक होतात आणि चक्र फिरत राहतं. आम्लात फेरसचं फेरिक होण्याची ही पायरी खरं तर फार मंद. पण अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू नेमक्या याच कामावर जगतो आणि तिला प्रचंड वेग देतो. आम्ल तीव्र असेल तिथे जॅरोसाइट हे लोहाचं पिवळं खनिज जमतं. कड्यांच्या चुनखडकाने किंवा समुद्राच्या पाण्याने आम्ल मारलं गेलं की लोह तांबूस गाळ होऊन खाली बसतं. पिवळ्या-तांबड्याची सीमा हा आम्लतेचा ढोबळ नकाशाच!

आपल्याकडे याच पायराइटची ब्रेसलेट ‘पैसा खेचणारा दगड’ म्हणून विकतात. तो पैसा खेचत नाही. दमट हवेत गंजतो मात्र. संग्रहालयांतले पायराइटयुक्त जीवाश्म त्यामुळेच भुगा होतात.

किनाऱ्याचे हे खरे रंग फोटोत तसेच यावेत म्हणून ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग आपोआप बदलणारी सोय) बंद ठेवा. चौकटभर नारिंगी दिसलं की कॅमेरा तो उजेडाचा दोष समजून निळसर करतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एका फोटोत करडं कार्ड ठेवा, म्हणजे नंतर त्यावरून रंग जुळवता येतात. ओल्या दगडावरची चकाकी पोलरायझर हा लेन्सवरचा फिल्टर काढतो. आणि दरवर्षी त्याच जागेवरून काढा: टाकाऊ दगडांचा बांध आजवर कड्यांना लाटांपासून वाचवत होता, तो किती मागे सरला हे अशाच फोटोंतून कळतं.