वायफायचे नाव लपवल्याने वायफाय लपत नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कोणाकडे नवे कनेक्शन आले की, ‘वायफायचे नाव लपवून ठेवा, म्हणजे बाहेरच्या कोणाला ते सापडणारच नाही’, असा सल्ला हमखास दिला जातो. तो चुकीचा आहे.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या अस्तित्वाची हाक देत असतो. नाव लपवले की त्या हाकेतून फक्त नाव वगळले जाते, हाक थांबत नाही. घरातला फोन जोडला जाताना तर तेच नाव उघडपणे हवेतून जाते आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने कोणालाही वाचता येते. उलट, लपवलेले नाव साठवलेला फोन लक्ष्मी रस्त्यावर असो वा स्वारगेटला, ‘अमुक नेटवर्क इथे आहे का?’ असे त्या नावानिशी विचारत फिरू शकतो.

संरक्षण मिळते ते एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे हवेतून जाणारी माहिती सांकेतिक रूपात बदलल्यामुळे. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यासाठीचे २०१८ साली आलेले मानक डब्ल्यूपीए३, नाहीतर निदान त्याआधीचे डब्ल्यूपीए२ निवडावे. पण घरोघरी खरी फट मला दिसते ती पासवर्डमध्ये, कारण तिथे बहुधा घरातल्याच कोणाचा तरी मोबाइल नंबर असतो. डब्ल्यूपीए२मध्ये जोडणीच्या क्षणीची देवाणघेवाण एकदा टिपली की हल्लेखोर राउटरला पत्ता लागू न देता स्वतःच्या संगणकावर एकामागून एक अंदाज तपासू शकतो, आणि दहा आकडी नंबर त्यापुढे फार काळ टिकत नाही. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून पासवर्ड करावा, आणि डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीची, आठ आकडी पिन बंद करावी. ती सुमारे ११,००० प्रयत्नांत सापडू शकते, हे २०११ सालीच उघड झाले आहे.