स्थानिक इतिहास मंडळांची व्याख्याने आणि सहली

एखादे गाव, शहर किंवा लहानसा प्रदेश यांच्या भूतकाळाचा अभ्यास करणाऱ्या मंडळाने सर्वांसाठी योजलेली भाषणे आणि ऐतिहासिक स्थळांना दिलेल्या सामूहिक भेटी. अशा मंडळांत पेशाने इतिहासकार असलेले थोडे. शिक्षक, ग्रंथपाल, वास्तुविशारद, निवृत्त नोकरदार असे हौशी अभ्यासकच बहुधा कामाचा भार उचलतात. खर्च मुख्यतः वर्गणीतून भागतो. लोकांना इतिहास सांगणे हा या उपक्रमांचा उघड हेतू असला, तरी त्यांचे खरे मोल लोकांकडून इतिहास मिळवण्यात आहे.

लंडनमध्ये १७०७ पासून जमू लागलेल्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातन वस्तूंच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या सभांत जुन्या वस्तू मांडल्या जात, निबंध वाचले जात. पण हे सारे निवडक सभासदांपुरते होते. स्त्रियांना तिथे सभासदत्व मिळायला १९२१ साल उजाडले. सहलीची प्रथा रुजली ती एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये आर्सीस द कोमाँ यांनी १८३४ मध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व मंडळ स्थापले. त्याची अधिवेशने वेगवेगळ्या प्रदेशांत भरत, म्हणून त्या त्या भागातील चर्च, किल्ले, अवशेष प्रत्यक्ष पाहणे ओघानेच आले. ब्रिटिश पुरातत्त्व संघाच्या १८४४ मधील कँटरबरी अधिवेशनात पाहुण्यांच्या देखत प्राचीन थडगी उकरण्यात आली. आज असे कृत्य कोणतेही जबाबदार मंडळ करणार नाही: घाईत उकरलेल्या थडग्यातून वस्तू हाती लागतात, पण मातीच्या थरांतला पुरावा कायमचा जातो. पुढे रेल्वेमुळे दूरची स्थळे एका दिवसात पाहून परतणे शक्य झाले. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने सभांतून नवी कागदपत्रे आणि टिपणे वाचण्याची परंपरा उभी केली.

थंड हवामानाच्या देशांत हिवाळ्यात संध्याकाळची व्याख्याने आणि उन्हाळ्यात सहली अशी विभागणी सर्रास आढळते. व्याख्यानाचा विषय जितका नेमका, तितका त्याचा उपयोग अधिक. संपूर्ण शहराचा इतिहास तासाभरात सांगू पाहणारा वक्ता ठाऊक गोष्टीच पुन्हा सांगतो. एका बंद पडलेल्या गिरणीवर, एका पुलावर किंवा एका वर्षीच्या साथीवर बोलणारा मात्र श्रोत्यांच्या आठवणी जाग्या करतो. पडद्यावरच्या छायाचित्रातला अनोळखी माणूस कोण, हे सभागृहात मागे बसलेल्या एखाद्या आजी सांगून जातात. अशी माहिती त्याच वेळी टिपून, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवून, नंतर कागदपत्रांशी पडताळावी लागते. आठवण हा पुरावाच असतो, पण तोही इतर पुराव्यांसारखा तपासावाच लागतो.

सहलीची तयारी याहून किचकट. वाटेची आधी पाहणी करणे, खासगी जागेत जाण्यासाठी मालकाची परवानगी घेणे, वृद्धांना झेपेल असा वेग ठरवणे ही कामे चिटणिसाकडे येतात. पायी फेरीत जुना नकाशा हाती असला की बरेच काही उलगडते. रस्त्याचे विनाकारण वाटणारे वळण बुजलेल्या ओढ्याच्या काठाने गेलेले असू शकते, दोन घरांमधली अरुंद बोळ जुन्या शेताच्या बांधावर असू शकते. पायाखालची जमीन हेच साधन मानण्याची ही दृष्टी डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी इंग्लंडमध्ये अभ्यासात आणली. लेस्टर येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या स्थानिक इतिहासाच्या विभागाचे ते पहिले प्रमुख होते.

या मंडळांचा एक दोष जुना आहे. सरदार-जमीनदारांची घराणी, धर्मस्थळे आणि संस्थापक यांच्या गौरवातच कार्यक्रमपत्रिका भरून जाते; मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, स्थलांतरित यांना जागा उरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मौखिक इतिहासाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी नोंदवण्याच्या, चळवळीने ही उणीव काही अंशी भरून काढली. युरोपीय परिषदेने १९९१ पासून सुरू केलेल्या वारसा दिनांमुळे एरवी बंद असणाऱ्या वास्तूही सामान्य लोकांना पाहता येऊ लागल्या.

२०२० च्या महासाथीत अनेक मंडळांनी व्याख्याने ऑनलाइन नेली आणि गाव सोडून गेलेली माणसे पुन्हा श्रोत्यांत सामील झाली. भाषणाचे चित्रण करताना त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांचेही चित्रण करणे आवश्यक आहे, कारण नवी माहिती बहुधा तिथेच पुढे येते.