क्लिंगॉन सोपी, देवनागरी अवघड

००००००००१८२४२४४२४२७ई४२४२४२४२००००

वरची ओळ म्हणजे इंग्रजीतले मोठे ‘ए’ हे अक्षर आहे. खात्री करायची असेल तर चौकटीच्या वहीत आडव्या आठ आणि उभ्या सोळा चौकटी आखून घ्या. ओळीतली दर दोन चिन्हे म्हणजे एक आडवी रांग. पहिल्या चार रांगा शून्य, म्हणजे कोऱ्या. पाचवी रांग १८. यातल्या १ चा अर्थ डावीकडच्या चार चौकटींपैकी फक्त शेवटची काळी करायची, आणि ८ चा अर्थ उजवीकडच्या चारांपैकी फक्त पहिली. रांगेच्या मधोमध दोन ठिपके पडले, हा ‘ए’चा शेंडा. २४ मध्ये ठिपके फाकतात, ४२ मध्ये आणखी फाकतात, ७ई ही मधली आडवी दांडी, पुढचे चार ४२ हे पाय, आणि तळाला दोन रांगा पुन्हा कोऱ्या. संगणकवाल्यांच्या सोळाच्या मोजणीतली (० ते ९ आणि पुढे इंग्रजी ए ते एफ) बत्तीस चिन्हे वापरली आणि अक्षर पुरे झाले.

जीएनयू युनिफॉन्ट या फॉन्टमधले प्रत्येक अक्षर असेच एका ओळीत मावते. चिनीसारख्या रुंद अक्षरांना सोळा बाय सोळाची चौकट लागते, त्यांची ओळ चौसष्ट चिन्हांची. रोमन चिबोरा यांनी १९९८ मध्ये हा फॉन्ट सुरू केला. पुढे पॉल हार्डी आणि इतर अनेकांनी त्यात भर घातली. उद्देश साधा होता. लिप्यांतल्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकाने ज्या ज्या चिन्हाला क्रमांक दिला आहे, त्या प्रत्येकाचे निदान एक तरी चित्र एका ठिकाणी असावे. सुंदर नसले तरी चालेल, पण रिकामा चौकोन दिसू नये.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीत १६८ लिप्या आणि १,५४,९९८ चिन्हे होती. हे सगळे एका फॉन्टमध्ये भरायचे म्हटले तर पहिली अडचण कलेची येत नाही, गणिताची येते. आज सर्वत्र चालणाऱ्या फॉन्टच्या फाइलमध्ये आकारांचा अनुक्रमांक सोळा बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या सोळा घरांत, लिहितात, त्यामुळे एका फाइलीत ६५,५३५ हून जास्त आकार मावतच नाहीत. अडोबी आणि गूगल यांनी २०१४ मध्ये चिनी-जपानी-कोरियन लिप्यांसाठी मिळून केलेला फॉन्ट एवढ्यातच या मर्यादेला जाऊन टेकला. गूगलच्या नोटो प्रकल्पाने म्हणून प्रत्येक लिपीला वेगळा फॉन्ट देऊन त्यांचे एक मोठे कुटुंब केले. युनिफॉन्टनेही वरच्या क्रमांकांसाठी दुसरी फाइल काढली. सगळ्या लिप्यांचा एकच फॉन्ट, असे आपण सहज म्हणतो खरे, पण कडक अर्थाने तो आज कोणाकडेच नाही.

युनिफॉन्टची आणखी एक फाइल आहे, आणि मला तीच सर्वांत मनोरंजक वाटते. तिच्यात युनिकोडने न मानलेल्या लिप्या आहेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांनी आपल्या कल्पित जगासाठी रचलेली तेंग्वार, त्यांचीच दगडावर कोरायची कोनाकोनांची किर्थ, एका अमेरिकी अवकाशमालिकेतल्या लढवय्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन, आणि अशाच कितीतरी.

या लिप्यांना क्रमांक कुठून मिळाले? युनिकोडने ६,४०० क्रमांकांचा एक पट्टा मुद्दाम रिकामा ठेवला आहे. ते गावाबाहेरचे गायरान समजा. तिथे कोणीही आपले चिन्ह आणून बांधावे, युनिकोड त्याचा सातबारा कोणाच्या नावे करणार नाही. जॉन कावन आणि मायकल एव्हरसन या लिपितज्ज्ञांनी नव्वदच्या दशकात या मोकळ्या जागेची आपसातली वाटणी करून तिची एक नोंदवही ठेवली. तेंग्वार अमुक क्रमांकापासून अमुकपर्यंत, क्लिंगॉन तमुकपासून पुढे. ही वाटणी पाळायला कोणी बांधील नाही. त्यामुळे गमती होतात. पट्ट्याच्या अगदी शेवटच्या क्रमांकावर या नोंदवहीत क्लिंगॉनचे एक चिन्ह आहे, आणि ॲपलने नेमक्या त्याच क्रमांकावर आपला उष्टा सफरचंद बसवला आहे. तोच मजकूर एका यंत्रावर क्लिंगॉन साम्राज्याची खूण दाखवतो आणि दुसऱ्यावर कंपनीची. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या कागदपत्रांत मात्र क्लिंगॉनचे हे क्रमांक व्यवस्थित नोंदवलेले आहेत. संगणक अभियंत्यांची आवड कुठे कुठे डोकावेल, सांगता येत नाही.

ही नोंदवही म्हणजे काही प्रमाणात प्रतीक्षायादीही ठरली. अमेरिकेतल्या युटामध्ये मॉर्मन पंथीयांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीसाठी डेझरेट नावाची लिपी केली होती. बर्नार्ड शॉ यांच्या मृत्युपत्रातल्या इच्छेतून किंग्जली रीड यांनी इंग्रजीसाठीच शेव्हियन लिपी घडवली. दोन्ही आधी या नोंदवहीत होत्या. डेझरेट २००१ मध्ये आणि शेव्हियन २००३ मध्ये युनिकोडमध्ये अधिकृत झाली. क्रीट बेटावर १९०८ मध्ये सापडलेल्या फाइस्टोसच्या मातीच्या चकतीवरची चिन्हेही २००८ मध्ये आत गेली. चकती एकच, चिन्हांचे प्रकार पंचेचाळीस, आणि त्यांचा अर्थ आजवर सर्वमान्यपणे कोणाला लागलेला नाही. ती लिपी आहे की आणखी काही, यावरही एकमत नाही.

क्लिंगॉनचा प्रस्ताव मात्र २००१ मध्ये फेटाळला गेला. युनिकोडच्या समितीची कारणे विचार करण्याजोगी आहेत. या लिपीत छापलेले साहित्य जवळजवळ नाही, क्लिंगॉन बोलणारे चाहतेसुद्धा लिहिताना रोमन अक्षरेच वापरतात, आणि मालकीहक्काचा गुंता सुटलेला नाही. लिपी कल्पित आहे, हा मुख्य मुद्दा नव्हता. तो कसा असेल? कोरियाच्या राजा सेजोंगने पंधराव्या शतकात हंगुल घडवली, ती आज दोन देश लिहितात. गिनी देशातल्या अब्दुलाये आणि इब्राहिमा बॅरी या दोन भावांनी १९८९ च्या सुमारास, शाळकरी वयात, आपल्या फुलानी भाषेसाठी आदलाम लिपी काढली, ती २०१६ मध्ये युनिकोडमध्ये आली. संथाळीची ओल चिकी १९२५ मध्ये पंडित रघुनाथ मुर्मू यांनी रचली. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेची एक लिपी १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी तयार केली, तिला २०१७ मध्ये क्रमांक मिळाले. कर्त्याचे नाव माहीत असलेल्या लिपीला आपण ‘बनवलेली’ म्हणतो, नाव विसरले गेले की ‘परंपरागत’. युनिकोड पाहते ते एवढेच, की तिच्यात कोण काय लिहिते आहे. तरीही एकट्या चकतीला जागा आणि क्लिंगॉनला नकार, हे मला अजून नीटसे पचलेले नाही.

असो. फॉन्ट करणाऱ्याच्या टेबलावर ही सगळी चर्चा बाजूला राहते. त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो. अक्षर चौकटीत बसते का?

क्लिंगॉन बसते, आणि छान बसते. २६ अक्षरे, १० अंक. लहान-मोठी लिपी असा भेद नाही, अक्षरे एकमेकांना चिकटत नाहीत, वर-खाली काही चढत नाही. एक क्रमांक, एक चित्र, की काम झाले. ओल चिकीचेही तसेच. हंगुलमध्ये अक्षरे गटागटाने रचली जातात, पण युनिकोडने असे सगळे शक्य गट, १९ गुणिले २१ गुणिले २८ म्हणजे ११,१७२, आधीच तयार करून त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. कष्ट आहेत, कोडे नाही. चिनीत वेगळीच पंचाईत होते. सोळा रांगांत दोन रेघांमध्ये एक रांग कोरी सोडली तर आडव्या रेघा जास्तीत जास्त आठ बसतात. काही अक्षरांना त्याहून जास्त लागतात, तिथे एखाददुसरी रेघ गाळावी लागते आणि वाचणाऱ्याच्या सवयीवर भरवसा ठेवावा लागतो.

देवनागरी मात्र चौकटीला जुमानत नाही. ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत तो नऊ क्रमांकांचा आहे: म, दीर्घ उकार, र, हलन्ताची खूण, त, दीर्घ वेलांटी, अनुस्वार, न, काना. कागदावर मात्र आपल्याला तीनच अक्षरे दिसतात. त्यातले मधले ‘र्तीं’ पाहा. र चा उच्चार त च्या आधी, स्मृतीतही तो आधी, पण त्याचा रफार होऊन तो चढतो थेट वेलांटीच्या डोक्यावर, त च्याही पुढे. त्याला लागून अनुस्वार. म्हणजे शिरोरेषेच्या वर वेलांटीचा वळसा, रफाराची कमान आणि टिंब, तिन्ही एकमेकांना न धडकता बसायला हवीत. सोळा रांगांपैकी अक्षराच्या अंगाला आठ, शिरोरेषेला एक आणि खालच्या उकाराला तीन दिल्या, तर वर उरतात चार. चार रांगांत हे तिघे सुटेसुटे काढून पाहा, मग कळते.

ऱ्हस्व वेलांटी उलट्या दिशेने पळते. स्मृतीत ती व्यंजनानंतर असते, दिसते मात्र आधी. ही सगळी हलवाहलव फॉन्टमध्ये भरलेल्या नियमांनी होते. कोणते क्रमांक शेजारी आले तर कोणता आकार काढायचा, कोणता कुठे सरकवायचा, याची भलीमोठी जंत्री फॉन्टबरोबर असते. म्हणून युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ पट्ट्याला १२८ जागा असल्या, तरी चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये आकार कित्येक शे भरतात. युनिफॉन्टमध्ये एका क्रमांकाला एकच आकार, नियमांची जंत्री नाही. त्यामुळे तिथे जोडाक्षरे जुळत नाहीत, पाय मोडलेली अक्षरे शेजारी शेजारी उभी राहतात. क्लिंगॉन सुवाच्य आणि मराठी मोडकी, असा हा फॉन्ट आहे, आणि यात त्याच्या कर्त्यांचा दोष नाही. एका अक्षराला एक चौकट हे गृहीतक रोमन लिपीतून आलेले आहे, आणि कल्पित लिप्या रचणारे बहुतेक जण रोमन वाचतच मोठे झालेले असतात.

टोल्किन यांची तेंग्वार मात्र आपल्या बाजूची निघते. तिचा तक्ता पाहिला की मराठी वाचकाला हसू फुटावे. उच्चारस्थानानुसार स्तंभ, उच्चारपद्धतीनुसार रांगा, म्हणजे आपल्या क-च-ट-त-प वर्गांचीच रचना. तिच्या एका लेखनपद्धतीत स्वर व्यंजनांच्या डोक्यावर खुणा करून दाखवतात. साहजिकच साध्या चौकटीच्या फॉन्टमध्ये तीही आपल्यासारखीच घसरते.

मराठीपुरते आणखी दोन अडथळे आहेत. हिंदी आणि मराठी एकाच क्रमांकांनी लिहितात, पण आपल्याला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा असतो. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णलेखनाच्या निर्णयातही तोच आहे. फॉन्टने हा भेद सांभाळायचा तर मजकूर मराठी आहे हे कोणीतरी त्याला सांगावे लागते, आणि बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. दुसरा अडथळा मोडीचा. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये ७९ क्रमांक मिळाले, त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमान पांडे यांचा. नोटो कुटुंबात मोडीचा फॉन्ट आहे. पण मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढून घ्यायचा आणि तिला लटकवत, शब्दांत जागा न सोडता, लेखणी शक्य तितकी कमी उचलत जायचा. चिटणिशी वळण वेगळे, बिवलकरी वेगळे. फॉन्टमध्ये प्रत्येक वेळी तोच आकार जसाच्या तसा उमटतो. नवशिक्याला अक्षरओळखीसाठी तो उत्तम आहे, दप्तरखान्यातले रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, वाचायला त्याची फारशी मदत होणार नाही. उर्दूच्या बाबतीत हा तिढा नोटोवाल्यांनाही जाणवला असावा. उतरत्या ओळीच्या नस्तालीकसाठी त्यांनी स्वतंत्र फॉन्ट केला.

मग युनिफॉन्टचा मराठीला काहीच उपयोग नाही का? वाचायला नाही, तपासायला आहे. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, दोन्हींत तीच तिरकी रेघ. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून हजार पानांच्या मजकुरात ‘दऱ्या’ शोधायला गेले की निम्म्या सापडतच नाहीत, आणि माणूस शोधयंत्राला दोष देत बसतो. तोच मजकूर युनिफॉन्टमध्ये उघडला तर एका शब्दात र खाली टिंब दिसते, दुसऱ्यात दिसत नाही.