सॉसेजमधला सोया कसा पकडतात?

सॉसेज, नगेट किंवा बर्गरच्या टिक्कीत सोयाबीनचं प्रथिन घालणं हा काही गुन्हा नव्हे. ते पाणी आणि चरबी धरून ठेवतं, तुकडा शिजताना आक्रसू देत नाही, शिवाय मांसापेक्षा स्वस्त पडतं. खोट आहे ती घालून न सांगण्यात. सोयाची ॲलर्जी असलेल्याला ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते.

एकूण प्रथिन मोजून हे कळत नाही. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनमध्ये शोधलेली पद्धत आजही वापरात आहे. नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजन मोजायचा आणि त्याला साधारण ६.२५ ने गुणायचं. पण तो नायट्रोजन बोकडाचा की सोयाबीनचा, हे आकड्यावरून कसं ओळखणार? मांस काढून सोया भरला तरी हिशोब जुळतोच!

सूक्ष्मदर्शकाला थोडं अधिक दिसतं. सोयाच्या सालीत चक्क डमरूसारख्या पेशी असतात. पिठाबरोबर सालीचे कण आले असतील, तर त्या सापडतात. पण जवळजवळ ९० टक्के प्रथिन असलेली शुद्ध भुकटी वापरली, तर पेशीच उरत नाहीत. मग प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कामाला येतात. ती ग्लायसिनिनसारख्या सोया-प्रथिनाला नेमकी चिकटतात. अडचण अशी, की बहुतेकदा ती प्रथिनाचा आकार ओळखतात, आणि भट्टीत तो आकारच विस्कटतो. उकडलेल्या अंड्याचं होतं तसंच. डीएनए चाचणीत सोयाचं लेक्टिन जनुक सापडतं खरं, पण डबाबंद करतानाच्या उष्णतेत डीएनएचे तुकडे होतात, आणि डीएनए किती यावरून प्रथिन किती हे ठरत नाही.

मला सगळ्यात हुशारीची वाटते ती वस्तुमान वर्णपटमापकाची, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्राची वाट. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती कितीही गुंतली तरी मण्यांचा क्रम बहुतांशी तोच राहतो. ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) ती माळ लायसिन आणि आर्जिनिन या मण्यांपाशी कापतं. मग यंत्र तुकड्यांची वजनं घेतं आणि फक्त सोयातच आढळणारे तुकडे शोधतं. त्याच फेरीत वाटाण्याचे आणि ल्युपिन या शेंगवर्गीय पिकाचेही.

यातही एक मेख आहे. भाजताना साखर लायसिनला चिकटते आणि त्या जागी ट्रिप्सिनची कात्री चालत नाही. म्हणून शिजवूनही टिकणारेच तुकडे आधी निवडून ठेवावे लागतात.