फर्नांडोमेनिया

१९८१ साली फर्नांडो वालेन्झुएला नावाच्या २० वर्षांच्या मेक्सिकन पोरानं अमेरिकन बेसबॉलला जे येड लावलं, त्याला फर्नांडोमेनिया म्हणतात. पोरगा सोनोरा राज्यातल्या एचोवाकिला या छोट्या गावचा, बारा भावंडांत धाकटा, अंगानं गोलमटोल, इंग्रजी जवळपास येत नव्हतं. माइक ब्रिटो हा स्काउट (टीमसाठी नवे प्लेयर शोधणारा) खरंतर दुसऱ्याच प्लेयरला बघायला गेला होता आणि हा नजरेत भरला.

९ एप्रिलला सीझनची पहिली मॅच, त्याच्या लॉस एंजेलिस डॉजर्स टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जेरी रॉयस जखमी झाला म्हणून ऐनवेळी बॉल याच्या हातात दिला तर यानं ह्यूस्टनला एकही रन दिली नाही, २-०. मग थांबलाच नाही. पिचर म्हणून सुरुवात केलेल्या पहिल्या आठही मॅच जिंकल्या, त्यातल्या पाचात समोरच्यांना शून्यावर ठेवलं. हत्यार काय तर स्क्रूबॉल, जो टीममधल्या बॉबी कास्टियोनं शिकवला होता. डावखुऱ्याचा हा बॉल नेहमीच्या कर्व्हच्या उलट वळतो, म्हणजे आपल्याकडच्या गुगलीसारखी फसवणूक समजा. टाकताना मध्येच आभाळाकडे बघायची सवय वेगळीच, बॅटर बिचारा बघतच राहायचा.

पण नुसत्या आकड्यांनी हे येड कळत नाही. डॉजर्सचं स्टेडियम जिथं आहे त्या शावेझ रविनमधून १९५०च्या दशकात मेक्सिकन अमेरिकन कुटुंबांना घरं सोडायला लावली होती, तो राग बरेच जण धरून होते, आणि आता तीच माणसं पोराबाळांना घेऊन त्याच स्टेडियममध्ये यायला लागली, आपला पोरगा खेळतोय म्हणून. प्रेसवाल्यांशी तो बोलायचा तेव्हा दुभाषी असायचे डॉजर्सचे स्पॅनिश भाषेतले कॉमेंटेटर हायमे हारीन.

जूनमध्ये प्लेयर्सचा संप झाला, जवळपास दोन महिने खेळ बंद. तरी शेवटी याच्या नावावर १३ विजय, ७ पराभव, १८० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटरला बाद करणं). रूकी ऑफ द इयर (उत्तम नवा प्लेयर) आणि साय यंग (उत्तम पिचर) ही दोन्ही अवॉर्ड एकाच सीझनला घेणारा आजतागायत हा एकटाच. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलला, न्यूयॉर्क यँकीजकडून ०-२ मागे असताना तिसऱ्या मॅचला यानं १४७ बॉल टाकले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो अजिबात लयीत नव्हता, तरी ५-४ जिंकून दिली. सिरीज डॉजर्सनी ४-२ मारली.

त्याचा ३४ नंबर क्लबनं २०२३ला अधिकृत रिटायर केला, म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. २२ ऑक्टोबर २०२४ला तो गेला, तेव्हा वर्ल्ड सिरीजला तीन दिवस उरले होते आणि डॉजर्ससमोर परत यँकीजच होते.