दोन झाडांत किती अंतर ठेवायचं? रोपं घ्यायच्या आधी एवढं वाचा

पाऊस लागला की आमच्या नर्सरीत लोक रोज विचारतात, भिंतीकडेला दहा फूट जागा आहे, किती जास्वंदी देता? आम्ही दोन म्हटलं की चेहरा पडतो. एवढ्याशा रोपांनी जागा उघडी दिसते ना, ते कळतं आम्हाला. पण गावठी लाल जास्वंद जमिनीत लागली की २-३ वर्षांत ५ फुटांचा घेर (म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी) धरते, पिशवीतलं रोप बघून अंतर ठरवू नका.

मागे एका ताईंनी फोन केला, जास्वंदीला फूलच नाही म्हणून. बघायला गेलो तर कंपाउंडला चिकटून १२ झाडं, दीड-दीड फुटावर, आणि रोपं आमच्याकडूनच नेलेली. बाहेरून हिरवंगार, फांद्या बाजूला केल्या तर आत नुसत्या काड्या, एक पान नाही, बेचक्याबेचक्यात कापसासारखी पांढरी मिलीबग कीड आणि त्यावर मुंग्यांची रांग. ऊन नाही, वारा नाही, फवारा मारला तरी आत पोचत नव्हता. शेवटी एकाआड एक ६ झाडं काढली, ३ वर्षं वाढवलेलं झाड कुदळीने काढताना फार जीवावर येतं हो. राहिलेल्यांची दणकून छाटणी केली, नवीन फुटीवर फुलं आली, कारण जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं.

तेव्हापासून आम्ही आधी माप विचारतो. काहींना राग येतो, पण जास्त रोपं विकून पुढे तुमच्याच घरी ती उपटायला येणं आम्हाला पटत नाही.

हिशोब सोपा आहे. दोन्ही झाडांचा पूर्ण वाढीचा घेर धरा, प्रत्येकाचा निम्मा घ्या आणि बेरीज करा. जास्वंद ५ फूट, डबल तगर ४ फूट, म्हणजे मधे साडेचार फूट. भिंतीपासून निम्मा घेर लांब, म्हणजे जास्वंद अडीच फूट. मोगऱ्यात अडीच-तीन फूट, मिनी एक्झोऱ्यात दीड फूट चालतं. पारिजातक मात्र झुडूप समजून नेऊ नका, ते छोटं झाडच होतं, त्याला ८-१० फूट तरी द्या. कुंपणच करायचं असेल तर कुंती दीड-दोन फुटावर लावा, पण सारखी कात्री चालवावी लागेल आणि फुलं कमी मिळतील.

झाड निवडताना आधी ऊन बघा. जास्वंद, मोगऱ्याला ५-६ तास ऊन पाहिजेच, सावलीच्या बाजूला अबोली लावा, पाणी भरपूर असेल तर सोनटक्का. माती चुनखडीची आणि पाणी बोअरचं असेल तर एक्झोऱ्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, लोक पाणी कमी पडलं समजून अजून घालतात. तिथे झाडाला लोह मिळत नसतं, अशा जागी सरळ तगर न्या. घरात लहान मूल असेल तर कण्हेर नको, सगळंच झाड विषारी आहे.

मधली मोकळी जागा पहिली दोन वर्षं झेंडू, गलांडा, सदाफुलीने भरा, त्यांच्या रोपांचे ट्रे आमच्याकडे असतात आणि झुडपापेक्षा खूप स्वस्त पडतात.

येताना जागेची लांबी-रुंदी आणि सकाळी १० व दुपारी ३ ला काढलेले दोन फोटो आणा, कुठलं रोप कुठे ते तिथेच कागदावर आखून देतो, त्याचे पैसे घेत नाही.