मोटारीची समोरची काच बदलणे

मोटारीच्या समोरच्या काचेला, म्हणजे विंडशील्डला, तडा गेल्यावर जुनी काच कापून काढणे, पत्र्याची चौकट तयार करणे आणि नवी काच सीलंटने कायमची चिकटवणे, ही दुरुस्तीतली एक स्वतंत्र कारागिरी आहे. पाहणाऱ्याला ती घराच्या खिडकीचे तावदान बदलण्याइतकी साधी वाटते. आजच्या मोटारीत मात्र ही काच बॉडीला चिकटवलेली असते आणि बॉडीच्या ताकदीचा एक भाग असते. नीट बसवलेली काच आणि कशीबशी बसवलेली काच पहिल्या दिवशी हुबेहूब सारखी दिसतात. फरक कळतो तो पहिल्या मोठ्या पावसात, किंवा अपघातात.

समोरची काच लॅमिनेटेड असते. सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या लवचिक प्लॅस्टिकचा थर उष्णता आणि दाबाने बसवलेला असतो. हा थर साधारण पाऊण मिलिमीटरचाच, पण काच फुटल्यावर तुकडे धरून ठेवतो तो हाच. म्हणून समोरच्या काचेवर जाळे उमटते आणि ती जागेवर राहते. दाराची काच मात्र टफन केलेली, म्हणजे तापवून आणि झटकन थंड करून कडक केलेली असल्यामुळे तिचा क्षणात बोथट दाण्यांचा चुरा होतो. या कल्पनेचे श्रेय फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांना दिले जाते. १९०३ मध्ये त्यांच्या हातून खाली पडलेला एक काचेचा चंबू तडकला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने त्याचे तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. सेल्युलोजचा थर काळाने पिवळा पडत असे. १९३० च्या दशकाअखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिरल आल्यावर तो प्रश्न सुटला.

प्रत्येक तडा काच बदलण्याचे कारण ठरत नाही. घाटात खडीच्या डंपरमागून जाताना उडालेला खडा बहुधा बाहेरच्या एकाच काचेला टवका पाडतो. तो नाण्याहून लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर त्यात पातळ रेझिन भरून ते अतिनील दिव्याखाली पक्के करता येते. डाग थोडा दिसत राहतो, पण तडा पुढे सरकत नाही आणि कंपनीत बसवलेला मूळ जोड हलत नाही. ही संधी बरेच जण धूळ आणि पाणी आत जाऊ देऊन घालवतात. टवका पडल्याबरोबर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला, तर बोटभर तडा बघता बघता हातभर होतो. कडेपर्यंत पोचलेला, आतल्या काचेतही उतरलेला किंवा चालकाच्या थेट नजरेसमोर येणारा तडा असेल तर काच बदलावीच. खड्याची खूण कुठेच नसताना कडेपासून तडा निघाला असेल, तर आधी चौकटीत गंज किंवा वाकडेपणा आहे का ते तपासावे. कारण तसेच राहिले तर नवी काचही तिथूनच तडकते.

जुन्या पद्धतीत काच रबराच्या जाड बीडिंगमध्ये, म्हणजे कडेच्या खाचेदार पट्टीत बसायची. अँबॅसॅडर किंवा पूर्वी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारी ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना दोरीची युक्ती आठवेल: बीडिंगच्या खाचेत दोरी घालून काच चौकटीवर टेकवायची आणि आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा. या कामाला सीलंट सुकण्याची वाट पाहावी लागत नसे. अनेक ट्रक आणि बसमध्ये ही रीत अजून आहे. ‘काच काय, तासाभरात होईल’ हे गॅरेजमधले आश्वासन त्या काळचे आहे, आणि चिकटवलेल्या काचेला ते जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

चिकटवलेल्या काचेची धारणशक्ती पॉलियुरेथेनच्या पट्टीत असते. बाजारात तिला पीयू सीलंट म्हणतात. समोरासमोरच्या धडकेत काच जागेवर राहणे, गाडी उलटली तर छताला आधार मिळणे, ही कामे या पट्टीवर अवलंबून असतात. तिसरे काम कमी माहीत आहे. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग अनेक गाड्यांत डॅशबोर्डातून वर उसळते, काचेवर आपटते आणि तिच्या आधाराने प्रवाशाकडे वळते. हे सारे सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास घडते. काच त्या धक्क्याने सुटली, तर एअरबॅगही तिच्यासोबत बाहेर ढकलली जाते. भारतात २०२१ पासून नव्या मोटारींत ही दुसरी एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे साध्यातल्या साध्या नव्या गाडीलाही हे लागू होते.

कामाची सुरुवात वायपर, त्यांच्याखालची प्लॅस्टिकची जाळी, काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांची आतली आवरणे आणि आरसा काढण्यापासून होते. मग जुनी पट्टी बारीक तारेने किंवा पातळ पात्याने कापतात. पत्र्याच्या कडेला ओरखडा न पडू देण्यात कारागिराचा हात दिसतो, कारण रंग गेलेल्या त्या रेषेतच पुढे गंज धरतो आणि गंजावर सीलंट धरत नाही. जुने सीलंट खरवडून पत्रा उघडा करणे ही मेहनती वाटणारी चूक आहे. एक-दोन मिलिमीटर जाडीचा ताजा कापलेला जुना थर ठेवायचा असतो. नव्या पीयूला त्याच्याइतकी चांगली जमीन दुसरी मिळत नाही. कुठे ओरखडा पडलाच तर तिथे प्रायमर, म्हणजे सीलंट धरावे म्हणून आधी लावायचा पातळ थर, लावायचा. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीत कडेला पापुद्रे सुटलेले आढळले, तर काचेचे काम थांबवून आधी पत्र्याचे काम करून घ्यावे. मालकाला हे सांगण्याचा संकोच बरेच कारागीर करतात, आणि मग दोन पावसाळ्यांत पायाखालचा गालिचा ओला होऊ लागतो.

नव्या काचेची काळी कड स्वच्छ करून तिच्यावर त्याच सीलंटच्या जोडीचा प्रायमर लावतात आणि तो सुकू देतात. ही काळी पट्टी शोभेसाठी नाही. सूर्याच्या अतिनील किरणांपासून सीलंट वाचवण्यासाठी ती असते. प्रायमर लावलेल्या जागी बोट लागले तरी घामाचा तेलकट थर जोड कच्चा करतो, म्हणून हातमोजे हवेत. सीलंटची पट्टी उभी, त्रिकोणी आणि अखंड पडली पाहिजे. तिच्यावर साय धरण्याआधी, चूषकांनी (सक्शन कपांनी) धरलेली काच दोघांनी मिळून एकाच वेळी टेकवावी. पाण्याची गळती थांबवायला म्हणून सिलिकॉन वापरणारे आजही भेटतात. सिलिकॉन पाणी अडवेल, पण काच पेलण्याची ताकद त्यात नाही, आणि त्याचा अंश राहिला की त्या जागी पीयूही धरत नाही.

एकघटकी पीयू हवेतला ओलावा घेऊन, बाहेरून आत असे घट्ट होत जाते. त्यामुळे दमट हवेत ते लवकर, तर थंड आणि कोरड्या हवेत सावकाश पिकते. याचा अर्थ पावसात काम करावे असा नव्हे: हवा ओली चालते, काच आणि पत्रा ओला चालत नाही. पावसाळ्यात हे काम छपराखालीच करावे. गाडी किती वेळाने चालवायची हे सीलंटच्या वेष्टनावर लिहिलेले असते. प्रकारानुसार तो वेळ तासाभरापासून अनेक तासांपर्यंत असतो. नळीवरची मुदतीची तारीखही ग्राहकाने मागून पाहावी. त्यात कारागिराचा अपमान नाही. पहिल्या दिवशी एक खिडकी बोटभर उघडी ठेवतात, कारण बंद गाडीचे दार आपटले की आतल्या हवेचा दाब कच्च्या पट्टीवर येतो. प्रेशरच्या पाण्याने धुणेही एक-दोन दिवस टाळावे.

काच निवडताना कोपऱ्यातला शिक्का वाचावा. भारतीय मानक आयएस २५५३ (भाग २) चा आयएसआय शिक्का आणि ‘लॅमिनेटेड’ अशी नोंद तिथे हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार होण्याची अट घालतो. पुण्याजवळच्या चाकणमध्ये सेंट-गोबेन सेक्युरिटच्या कारखान्यात मोटारींच्या काचा तयार होतात. पाऊस ओळखणारा संवेदक किंवा आवाज अडवणारा थर मूळ काचेत असेल, तर नवी काचही तशीच मागावी.

चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा कॅमेरा आरशामागे, काचेला लागून असतो. काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा रोख अचूक जुळवणे, पुन्हा करावे लागते. कॅमेरा एका अंशाने चुकला तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, आणि महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची असते. बिलात कॅलिब्रेशनची वेगळी ओळ नसेल तर ते झाले का, हे गाडी ताब्यात घेण्याआधीच विचारावे.

विम्यात काच ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात येते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही. काचेवर घसारा धरत नाहीत, रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के धरतात. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते, म्हणून स्वस्त काचेसाठी आधी हिशेब मांडावा. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो: तो सोलून काढला की निकामी व्हावा अशीच त्याची रचना असते, त्यामुळे ज्या बँकेने दिला तिच्याकडून बदली टॅग घ्यावा लागतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबतचा, काचेच्या आतून लावलेला स्टिकरही नव्याने मिळवावा लागतो. पेट्रोल-सीएनजी गाडीला तो फिकट निळा असतो, डिझेलला नारिंगी.